बॅरिॲट्रिक सर्जरीनंतरची पुढची वर्षं : वजन आणि सवयी कशा टिकवताय?

कवडसा :

नमस्कार मंडळी. वजन उतरवण्याची सर्जरी करावी का, स्लीव्ह (पोट कापून लहान करणं) की बायपास (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं), पहिल्या महिन्यात काय प्यायचं, यावर वाचायला भरपूर मिळतं. पण वजन उतरून झाल्यावर, म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांनंतर जो काळ सुरू होतो आणि जो मग आयुष्यभर चालतो, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझी स्लीव्ह झाली त्याला बरीच वर्षं झाली. यात पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि त्यात वरचा फुगीर भागही जातो. घ्रेलिन हे भूक लावणारं हार्मोन जास्त करून तिथेच बनतं, त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने भूक अशी लागतच नाही, खायची आठवण ठेवावी लागते. त्या दिवसांत सगळ्यांनाच वाटतं की सुटलो एकदाचे. मग कधीतरी भूक परत येते, हळूहळू येते, आधी कधीतरी संध्याकाळी, मग रोजच, आणि माणूस पार घाबरून जातो की झालं, ऑपरेशन फुकट गेलं. तर पहिली गोष्ट हीच सांगायची आहे की काही फुकट गेलेलं नाही. भूक परत येणं अपेक्षितच आहे. शरीराचं वजन खूप उतरलं की शरीर आपणहून कमी ऊर्जा जाळायला लागतं, भूक वाढवतं, तो त्याचा स्वभावच आहे. म्हणूनच भूक नसण्याच्या त्या शांत काळात ज्या सवयी अंगवळणी पडतात ना, त्यांच्या जिवावर पुढची वर्षं निघतात. नंतरही सवयी बसवता येतात, अगदी येतात, फक्त भूक जागी असताना कष्ट जास्त पडतात.

माझ्या टिकलेल्या सवयी सांगते. जेवताना आधी प्रोटीन, मग भाज्या, आणि जागा उरलीच तर भात-पोळी-ब्रेड जे काय असेल ते. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. जेवण वीस ते तीस मिनिटं चाललं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोट भरल्याची आपली खूण ओळखायची. माझं पोट भरत आलं की नाक वाहायला लागतं, खरंच, अचानक रुमाल शोधायला लागते. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणी एकदम मोठा सुस्कारा सोडतं. ती खूण आली की चमचा खाली. त्यानंतरचा एक घास घेतला तर तो छातीत अडकल्यासारखा होतो, तोंडात फेसाळ लाळ जमते आणि पुढचा अर्धा तास वाईट जातो, ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको.

तुमच्याकडे काय टिकलं, काय नाही टिकलं, मोकळेपणाने लिहा.

नवी_पालवी :

कवडसाताई धागा काढलात बरं झालं. मी अजून पुढच्या वर्षांपर्यंत पोचलेच नाहीये, चौथा महिना चालू आहे स्लीव्हनंतर. पण दोन प्रश्न विचारूनच घेते. वजन मध्येच थांबलंय, दोन-तीन आठवडे काटा हलत नाहीये, खाणं तेवढंच आहे. आणि केस!! विंचरायला घेतले की हातात गुच्छ येतात, बाथरूमची जाळी रोज साफ करावी लागते. रडू येतं हो. हे टक्कल पडेपर्यंत चालणार आहे का?

आहारवाली :

मी बॅरिॲट्रिक टीममध्ये डाएटिशियन आहे, त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

नवी_पालवी, आधी केस. मोठं ऑपरेशन आणि भराभर उतरणारं वजन या दोन्हीचा धक्का शरीराला बसतो आणि एकाच वेळी खूप केस विश्रांतीच्या अवस्थेत जातात, मग तीन ते सहा महिन्यांच्या आसपास ते गळतात. मूळ शाबूत असतं, त्यामुळे बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. टक्कल नाही पडत. पण दोन गोष्टी तपासून घ्या, रोजचं प्रोटीन नक्की किती जातंय आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) किती आहे. गळती वर्ष उलटून गेल्यावरही चालू राहिली किंवा तेव्हा नव्याने सुरू झाली तर मात्र लोह, झिंक, थायरॉइड हे सगळं बघावं लागतं. नुसत्या बायोटिनच्या गोळ्या घेऊन बसू नका. आणि घेत असलात तर रक्त द्यायच्या आधी लॅबमध्ये सांगा, त्याने थायरॉइडसारख्या काही टेस्टचे आकडे चुकू शकतात.

वजन थांबण्याबद्दल : वजन सरळ रेषेत उतरतच नाही, कुणाचंच नाही. थांबतं, मग एकदम उतरतं. तुम्ही खाणं अजून कमी करायला जाल तर प्रोटीन आधी कमी होईल आणि स्नायू जातील, तेच नकोय. साधारणपणे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात, काहींना जास्त लागतं, तुमच्या टीमने तुमचा आकडा दिला असेल. एका मध्यम अंड्यात सहा-सात ग्रॅम असतं, त्यावरून हिशोब करून बघा म्हणजे लक्षात येईल की जरासं पोट असताना हा आकडा गाठणं किती जिकिरीचं काम आहे. म्हणून तर प्रोटीन पहिल्या घासाला, शेवटी नाही.

रिंगण :

+१ कवडसा. माझं बायपास. आमच्याकडे अजून एक भानगड असते ती म्हणजे डंपिंग. गोड किंवा खूप तेलकट काही खाल्लं तर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात छातीत धडधड, घाम, पोटात कळ, आडवं व्हावंसं वाटतं, कारण अन्न पोटात न थांबता थेट आतड्यात जाऊन पडतं आणि आतडं तिथे पाणी खेचून घेतं. लोक म्हणतात हा बायपासचा पहारेकरी, गोड खाऊच देत नाही. पण त्याच्यावर विसंबून राहू नका असं मी कळकळीने सांगेन. एकतर सगळ्यांना होत नाही, आणि ज्यांना होतं त्यातल्या अनेकांचं काळाबरोबर सौम्य होत जातं. गोड न खायची सवय स्वतःची स्वतः लावलेली असली पाहिजे, त्रासाच्या भीतीने लागलेली सवय त्रास गेला की जाते.

आणि उशिराचं डंपिंग वेगळं हं, ते खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी येतं, साखर आधी भसकन वाढते मग इन्सुलिन जास्त सुटतं आणि साखर खाली पडते. हात थरथरतात, डोकं सुन्न होतं. गाडी चालवताना झालं तर लगेच बाजूला थांबा. त्यावेळी थोडी साखर घ्यावी लागते पण पाठोपाठ प्रोटीनचं काहीतरी खा नाहीतर परत तेच चक्र. वारंवार होत असेल तर डॉक्टरना सांगायचंच.

मध्यरात्र :

मला वाटतं खरा घोळ ताटात नाही होत, दोन जेवणांच्या मधे होतो. स्लीव्हवाल्या माणसाला एका बैठकीत जास्त खाता येत नाही हे खरंच आहे, पण दिवसभर थोडं थोडं चरत राहणं त्याला सहज जमतं, आणि चिप्स, बिस्किटं, आइस्क्रीम असले पदार्थ तर पटकन विरघळून खाली उतरतात, पोट भरल्याची खूणच येत नाही. चिकनचा कोरडा तुकडा तिसऱ्या घासाला थांबवतो, बिस्किटाचा अख्खा पुडा थांबवत नाही!! शिवाय पातळ कॅलरी, म्हणजे ज्यूस, गोड कॉफी, शेक. हे सगळं त्या छोट्या पोटाला चकवा देऊन निघून जातं. ऑपरेशन पोटाचं होतं हो, कंटाळा आला की कपाट उघडणाऱ्या हाताचं नाही.

मी रात्रीची ड्यूटी करते. दोन ते चार ही वेळ सगळ्यात वाईट. मला उपयोगी पडलं ते म्हणजे ड्यूटीच्या वेळेप्रमाणे माझी जेवणं ठरवून टाकणं, रात्री एकला डबा उघडायचा म्हणजे उघडायचा, त्यात प्रोटीन भरपूर, आणि नंतर फक्त पाणी किंवा बिनसाखरेचं गरम काहीतरी. दिवसा काळे पडदे लावून सात तास झोप. झोप कमी झाली की भूक वाढते हे तर आता सगळेच सांगतात, पण मी ते स्वतःच्या ताटात बघितलंय.

संथ_चाल :

व्यायामावर कुणीच लिहिलं नाही अजून म्हणून मी लिहितो. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम असं सांगतात, पण वजन टिकवायचं असेल तर २०० ते ३०० मिनिटांकडे जावं लागतं. चालणं उत्तम, मी चालण्यावरच सगळं उभं केलं. पण नुसतं चालू नका!! आठवड्यातून दोन-तीन वेळा वजनं उचलणं किंवा रबरबँड किंवा भिंतीवरचे पुशअप, काहीतरी ताकदीचं करा. वजन भराभर उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात आणि हाडंही विरळ होत जातात, आणि ज्याचे स्नायू गेले त्याला तेवढंच खाऊन वजन टिकवणं अवघड होतं. गुडघे दुखणारे लोक म्हणतील आम्हाला नाही जमणार, तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं इथून सुरू करा. दहादा जमलं की पुढचं बघू.

उंबरठा :

खूप दिवस नुसती वाचतेय, आज लिहिते. बायपासनंतर माझं खूप वजन उतरलं, चांगली काही वर्षं टिकलं, आणि आता वर्षभरात बरंच परत आलंय. खाणं तेच आहे, चालणं मात्र सांधे सुजल्यापासून कमी झालंय. सांध्यांसाठी स्टिरॉइड आणि दुखायला लागलं की पेनकिलर असं चालू आहे. नातेवाईक बघतात आणि म्हणतात एवढं ऑपरेशन करून शेवटी तेच. क्लिनिकमध्ये फॉलोअपला जायचंच धाडस होत नाहीये, तिथल्या वजनकाट्यावर उभं राहायची लाज वाटते.

कवडसा :

उंबरठा, आधी एक गोष्ट. लाज तुम्हाला वाटायचं काहीही कारण नाही. लठ्ठपणा हा जुनाट आजार आहे, बीपीसारखाच, उपचारांनी आटोक्यात राहतो आणि कधीकधी परत डोकं वर काढतो. बीपी वाढलं म्हणून कुणी डॉक्टरकडे जायचं टाळतं का?

आणि नातेवाइकांना हे सांगा. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला, चार हजारांच्या वर लोक होते, निम्म्यांनी सर्जरी केली आणि निम्म्यांनी नाही, आणि त्यांना वर्षानुवर्षं तपासत राहिले. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली होती. म्हणजे सरासरी माणसाचंही थोडं वजन परत येतंच, आणि तरीही बरंचसं टिकतं. सर्जरी केलेल्या गटात मृत्यूचं प्रमाणही कमी निघालं. थोडं परत आलं म्हणजे सगळं हरलं हे डोक्यातून काढून टाका. तुमचं बरंच आलंय म्हणताय, तर त्याला कारण असणार आणि ते शोधावं लागेल, आणि ते शोधायची जागा क्लिनिकच आहे.

आहारवाली :

कवडसाशी पूर्ण सहमत. उंबरठाताई, तुमच्या चार ओळींतच दोन गोष्टी दिसल्या म्हणून घाईने लिहितेय.

एक, स्टिरॉइडने भूक आणि वजन दोन्ही वाढतं, हे अगदी माहितीतलं आहे. काही डिप्रेशनच्या गोळ्या, इन्सुलिन, फिट्सची काही औषधं यांनीही वाढतं. म्हणून परस्पर बंद करू नका, स्टिरॉइड तर अजिबात एकदम थांबवायचं नसतं, पण देणाऱ्या डॉक्टरना आणि सर्जनना एकमेकांशी बोलू द्या.

दोन, आणि हे जास्त तातडीचं आहे. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या पेनकिलर शक्यतो टाळायच्याच असतात, कारण जिथे पोट आणि आतडं जोडलंय तिथे अल्सर होतो. सिगारेटनेही होतो. स्टिरॉइड बरोबर असेल तर धोका अजून वाढतो. कुठली गोळी घेताय ते बघा आणि आजच डॉक्टरना फोन करून विचारा. शौचाला काळं होत असेल, रक्ताची उलटी झाली किंवा पोटात अचानक जोरात दुखलं तर थेट इमर्जन्सी, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

वजनासाठी आता उपाय पण आहेत. आधी आहार-व्यायाम-झोप-औषधं तपासतात, गरज वाटली तर एंडोस्कोपी किंवा एक्स-रे करून पोटाची रचना बघतात, सेमाग्लुटाइड किंवा लिराग्लुटाइडसारखी औषधं सर्जरीनंतरही वापरतात, आणि मोजक्या लोकांना दुसरी सर्जरी लागते. हे सगळं तुम्ही तिथे गेल्याशिवाय सुरू होणार नाही ना.

रिंगण :

वजनकाट्यावरून आठवलं. मी रोज सकाळी वजन करतो आणि ते फार कामाचं आहे असं माझं ठाम मत आहे. तीन किलो वाढलं की मला कळतं, पंधरा वाढेपर्यंत थांबावं लागत नाही.

मध्यरात्र :

रिंगण, तुमच्यासाठी असेल. माझ्यासारख्यांचा अख्खा दिवस त्या आकड्यावर ठरतो. आदल्या रात्री खारट खाल्लं, पाळी जवळ आली, बद्धकोष्ठ झालं, कशानेही किलोभर इकडेतिकडे होतं, आणि मग त्या रागात खाल्लं जातं. मी आठवड्यातून एकदा करते, ठरलेल्या दिवशी, आणि आकड्यापेक्षा महिन्याचा कल बघते. अजिबातच न करणं मात्र नको, ते मी पण मानते.

सोबती :

माझ्या बायकोचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. घरच्यांनी काय करावं हे कुणी सांगेल का? आणि एक विचारायचं होतं, कार्यक्रमात ती एखादा ग्लास वाइन घ्यायची पूर्वी, आता घेतली तर चालेल का, तिला फार लवकर चढली एकदा.

मध्यरात्र :

सोबती, विचारलंत हेच खूप आहे. सांगते. तिला "अजून थोडं घे" म्हणू नका आणि "हे तुला चालतं का" असंही सगळ्यांसमोर विचारू नका. दोन्हीने सारखंच दुखतं. तिचं जेवण हळू चालतं तर तुम्हीही टेबलावर बसून राहा. जे तिला नको आहे ते घरात समोर दिसेल असं ठेवू नका. आणि तिच्याबरोबर चाला.

दारूचं मात्र गंभीरपणे घ्या. बायपासनंतर, आणि स्लीव्हनंतरही, दारू लवकर रक्तात उतरते आणि तेवढ्याच ग्लासात पातळी जास्त चढते. म्हणून एका ग्लासानंतरसुद्धा गाडी नको. आणि दुसरं म्हणजे सर्जरीनंतर काही लोकांना दारूची सवय लागते, विशेषतः दुसऱ्या वर्षापासून पुढे, ज्यांना आधी तशी नव्हती त्यांनाही. खाणं हा ज्यांचा आधार होता त्यांचा तो आधार एका दिवसात काढून घेतला जातो, मग मन दुसरं काहीतरी धरतं. कुणाचं दारू, कुणाचं खरेदी. मी काउन्सेलरकडे जाते, अजूनही जाते, आणि पोटाच्या डॉक्टरइतकीच मला ती जागा महत्त्वाची वाटते. पूर्वी दुःख झालं की मी खायचे, आता दुःख झालं की काय करायचं हे मला नव्याने शिकावं लागलं आणि ते एकटीने शिकता आलं नसतं.

सोबती :

मनापासून आभार. शेवटचा परिच्छेद तिला वाचून दाखवला, ती बराच वेळ काही बोलली नाही मग म्हणाली मलाही असं कुणीतरी हवंय बोलायला. शोधतोय आता.

नवी_पालवी :

आहारवालीताई तुमच्या सांगण्यावरून हिशोब केला, प्रोटीन ४० च्या आसपासच जात होतं. वाढवतेय. व्हिटॅमिनच्या गोळ्यांबद्दल अजून एक, किती दिवस घ्यायच्या? आणि माझं लग्न ठरतंय, तर पुढे मुलाबाळांचं कसं?

आहारवाली :

अभिनंदन! गोळ्या आयुष्यभर. हे मी प्रत्येकाला सांगते आणि तरी दुसऱ्या वर्षी बरं वाटायला लागलं की लोक बंद करतात. बी१२ शोषायला पोटात तयार होणारा एक घटक लागतो, स्लीव्ह असो की बायपास, तो कमी पडतो, आणि शरीरात साठा असल्यामुळे कमतरता उशिरा कळते, तोवर मुंग्या येणं, विसरायला होणं सुरू झालेलं असतं. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, अन्नातलं आणि गोळ्यांतलं मिळून, सायट्रेट स्वरूपात असेल तर बरं कारण त्याला पोटातल्या ॲसिडची गरज पडत नाही. एकावेळी ५००-६०० च्या वर नको. आणि लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मधे दोन तास जाऊ द्या. सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली डबी घ्या आणि रविवारी आठवड्याची भरून ठेवा, लोह एका कप्प्यात, कॅल्शियम दुसऱ्यात, विचारच करायचा नाही मग.

रक्ततपासणी पहिल्या वर्षी काही महिन्यांच्या अंतराने आणि नंतर दरवर्षी. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, फोलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन).

आणि उलट्या जर काही दिवस थांबतच नसतील तर घरी बसू नका. थायमिन म्हणजे बी१ चा साठा शरीरात अगदी थोडा असतो, तो संपला तर मेंदूवर परिणाम होतो, डोळ्यांना दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं. ही इमर्जन्सी आहे. ग्लुकोजची सलाइन लावायच्या आधी किंवा तिच्यासोबतच थायमिन द्यावं लागतं, म्हणून सर्जरी झाली आहे हे तिथल्या डॉक्टरना आवर्जून सांगा.

बाळासाठी साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, वजन स्थिर होऊ द्यावं लागतं. पण वजन उतरल्यावर गर्भ राहण्याची शक्यता वाढते, पूर्वी पाळी अनियमित असलेल्यांचीसुद्धा, म्हणून तोवर काळजी घ्या. तुमची स्लीव्ह आहे, बायपासवाल्यांत तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जात नसण्याची शक्यता असते, तरी तुम्हीही स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच साधन ठरवा.

उंबरठा :

काल फोन केला. पेनकिलर त्याच जातीची निघाली, लगेच बंद करून पॅरासिटामॉल दिलंय आणि पोटाच्या संरक्षणाची गोळी सुरू केलीय. स्टिरॉइडचं दोन्ही डॉक्टर बोलून ठरवणार आहेत. पुढच्या आठवड्यात एंडोस्कोपी आणि सर्जनची भेट. काय काय घेऊन जाऊ?

कवडसा :

फार छान केलंत!! चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, डोससकट, दुकानातून घेतलेली साधी गोळीसुद्धा लिहा. ऑपरेशनचे कागद असतील तर तेही, कारण बायपासचेही प्रकार असतात. आठवडाभर जे खाल ते वेळेसकट लिहून ठेवा, ते पदार्थ गाळू नका जे लिहायला नको वाटतात, तेच तर त्यांना बघायचंय. वजन कधीपासून वाढलं आणि स्टिरॉइड कधी सुरू झालं या दोन तारखा शेजारी-शेजारी लिहा. आणि काट्यावर पाठ करून उभं राहायचं असेल तर तसं नर्सना सांगा, आकडा त्यांनी लिहून घेतला की झालं, तो मोठ्याने वाचायची काही गरज नसते.

आहारवाली :

एवढ्यात जुने रक्ताचे रिपोर्ट सापडले तर तेही घ्या. शक्य असेल तर आधीच फोन करून विचारा की व्हिटॅमिनच्या तपासण्या, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि थायरॉइड त्याच दिवशी करून घेता येतील का, म्हणजे दोन वेळा सुई नको. हाडांची घनता कधी तपासली होती तेही विचारा, बायपास आणि वर स्टिरॉइड असं असताना ते बघायलाच हवं. एंडोस्कोपीसाठी उपाशी किती तास राहायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि मधुमेहाचं औषध चालू असेल तर त्या सकाळी ते घ्यायचं की नाही हे नक्की विचारा.